‘पडली’ असे लिहिण्याआधी

पंचवीस वर्षे होत आली या गोष्टीला. उन्हाळ्याचे दिवस होते. आमच्या भागातल्या एका गावाला पांदण रस्त्याचे रोजगार हमीचे काम सुरू होते. त्या कामावर जाणारी तिशीतली एक बाई दवाखान्यात आली. सोबत नवरा होता. तिच्या उजव्या मनगटावर काळेनिळे वळ होते आणि पाठीवर सूज. ‘काय झाले बाई?’ असे मी विचारले. तिच्या आधी नवराच बोलला, ‘टोपलं घेऊन पडली जी, डाक्टरसाहेब.’ तिने खाली पाहून मान हलवली. बाहेर चाळीस पेशंट ताटकळत होते. मी इंजेक्शन दिले, गोळ्या लिहिल्या आणि केसपेपरवर नोंद केली : ‘पडून मार लागला.’

खरी हकीकत महिनाभराने कळली. कामावर हजेरी घेणारा माणूस तिला रोज काही ना काही निमित्ताने मागे थांबवायचा. एके दिवशी तिने हात झटकला, तेव्हा त्याने तिचे मनगट पिरगाळले. ही कुजबुज घरी पोचली आणि नवऱ्याने ‘तूच काही केलं असशील’ म्हणून पाठीत काठी घातली. म्हणजे मनगटावरचे वळ एकाने दिलेले आणि पाठीवरची सूज दुसऱ्याने. पुढे तिच्या भावाने गावात बैठक बसवली. समोरच्यांनी एवढेच विचारले, ‘डाक्टरनं काय लिवलं ते दाखवा.’ कागद पुढे आला. त्यावर माझ्याच अक्षरात ‘पडून’ असे लिहिलेले होते. बैठक तिथेच मोडली. त्या बाईचे काम सुटले ते सुटलेच.

त्या शब्दांची लाज मला आजही वाटते. म्हणून आजच्या सदरात हा विषय घेतला आहे.

काही वाचकांना वाटेल, आरोग्याच्या सदरात हे कशाला? हे काम पोलिसांचे, पंचायतीचे. परंतु मार खाल्लेली बाई ठाण्यात जाण्याआधी, गेलीच तर, दवाखान्यात येते. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या दर चार स्त्रियांपैकी एकीने नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. आणि देशभरात ज्यांनी मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसला, त्यांच्यातल्या १०० पैकी ७७ जणींनी ना कोणाची मदत मागितली, ना कोणाला सांगितले. आपल्या गल्लीतल्या, आपल्या शेतावर निंदायला येणाऱ्या बायांनाच हा हिशेब लावून पाहा.

योजनेबरोबर काय येते?

आपल्या महाराष्ट्राने रोजगार हमीची वाट देशाला दाखवली. १९७२ च्या दुष्काळात बायामाणसे खडी फोडायला रस्त्यावर आली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. २००५ च्या केंद्रीय कायद्याने कामावर किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, पुरुषाइतकीच मजुरी त्यांना मिळावी, कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली आणि प्रथमोपचाराची पेटी असावी, असे म्हटले. हे सगळे चांगलेच झाले. बाईच्या हाती स्वतःच्या कष्टाचा पैसा आला.

पण गावात योजना आली की तिच्याबरोबर नवी सत्ताही येते. हजेरी कोण लावणार, काम कोणाला मिळणार, कर्जाच्या कागदावर सही कोण करणार, हे ठरवणारा एक माणूस तयार होतो. ज्या बाईची चूल त्या हजेरीवर पेटते, तिला ‘नाही’ म्हणणे महाग पडते. ही पहिली जागा. दुसरी जागा वाटेची. काम गावापासून लांब, आडोसा नाही, शौचाला नाल्यात जावे लागते आणि परतताना अंधार होतो. तिसरी जागा घराची. मजुरीचे किंवा बचत गटाचे पैसे हाती आले की काही घरांत त्यावरूनच भांडण पेटते. दारूला पैसे दिले नाहीत म्हणून मार, बैठकीला उशीर झाला म्हणून मार, गटाचे कर्ज काढून आण म्हणून मार. यात दोष योजनेचा किंवा गटाचा नाही. पण योजना आखताना या तीन जागा ज्याने पाहिल्या नाहीत, त्याने निम्मेच काम केले असे मी म्हणेन.

योजना राबवणाऱ्या बाईचे काय?

मजूर बाईचेच नव्हे, जी बाई सरकारचे काम दारोदार पोचवते, तिचेही हेच आहे. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करीत. १९९२ मध्ये त्यांनी एक बालविवाह थांबवण्याचा प्रयत्न केला. त्याचा राग धरून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यांची वैद्यकीय तपासणी व्हायला दोन दिवसांहून अधिक काळ गेला. आम्हा डॉक्टरांनी हे विसरू नये. या प्रकरणातून पुढे आलेल्या याचिकेवर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘विशाखा’ निकाल दिला आणि कामाच्या ठिकाणी स्त्रीचा छळ रोखणे ही काम देणाऱ्याची जबाबदारी ठरवली. २०१३ मध्ये त्याचा कायदा झाला.

फार लांब जायला नको. मेळघाटातले हरिसाल २०१६ मध्ये देशातले पहिले डिजिटल गाव म्हणून गाजले. त्याच हरिसालला २५ मार्च २०२१ रोजी वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी आपले जीवन संपवले. वरिष्ठांकडून छळ होत असल्याचे त्यांनी मागे ठेवलेल्या पत्रांत लिहिले होते. गणवेश आणि अधिकार असलेल्या बाईची ही गत, तर रात्री-बेरात्री बाळंतिणीला घेऊन निघणाऱ्या आशाताईने, अंगणवाडीच्या बाईने, डोक्यावर मातीचे टोपले घेतलेल्या मजूर बाईने कोणाकडे पाहावे?

काम सुरू होण्याआधी

मधुमेहात जसे पायाला जखम होण्याआधी पाय तपासतो, तसेच हे आहे. गावात नवीन काम, नवीन योजना येत असेल तर ग्रामसभेत पाच गोष्टी विचाराव्यात.

एक, हजेरी आणि कामवाटप एकाच माणसाच्या हाती आहे का? निदान एक बाई त्यात असावी आणि हजेरी सर्वांसमोर वाचून दाखवावी. दोन, कामाच्या जागी बायांसाठी आडोसा, पाणी आणि लहान लेकरांसाठी सावली आहे का? तीन, जाणे-येणे गटाने आणि उजेडी होईल अशी वेळ ठेवली आहे का? चार, तक्रार कोणाकडे करायची, त्या व्यक्तीचे नाव व फोन क्रमांक कामाच्या जागी फलकावर लिहिला आहे का? वाचता न येणाऱ्या बायांना तो तोंडी सांगितला आहे का? पाच, योजना गावात आणणाऱ्यांनी पुरुषांचीही बैठक घेतली आहे का? बायकोचा पैसा घरात आल्याने घर चालते, त्याने नवऱ्याची इज्जत जात नाही, हे पुरुषांनी पुरुषांना सांगितले तर अधिक पटते.

दवाखान्यात काय पाहावे?

आता माझ्या धंद्याविषयी. खरोखर पडलेल्या माणसाला बहुधा तळहाताला, कोपराला, गुडघ्याला खरचटते, कारण पडताना तो हात टेकतो. मार बहुधा पाठीवर, दंडावर, गालावर, कानामागे दिसतो. काठी अडवताना हात वर गेला तर मनगट ते कोपर या भागावर वळ उठतात. काही डाग काळेनिळे, काही पिवळे पडलेले असतील तर मार एका दिवसाचा नाही हे ओळखावे. मार लागून तीन-चार दिवसांनी येणे, बाईऐवजी दुसऱ्यानेच उत्तर देणे, गरोदरपणी पोटाला मार लागणे, या खुणा आहेत. कधी जखम मुळीच नसते. डोके दुखते, झोप नाही, छातीत धडधडते, अन्न जात नाही, अशा तक्रारी घेऊन बाई वर्षभर फिरते. टॉनिकच्या बाटल्या संपतात, दुखणे संपत नाही.

अशा वेळी सोबतच्या माणसाला ‘तपासायचे आहे, बाहेर बसा’ असे सांगावे. नर्सला जवळ ठेवावे आणि साध्या शब्दांत विचारावे : ‘घरी किंवा कामावर कोणी मारते, धमकावते, अंगाला हात लावते का?’ नवऱ्यादेखत हा प्रश्न कधीही विचारू नये, घरी गेल्यावर त्याचीच शिक्षा तिला होते. ती बोलली तर मध्ये उपदेश करू नये. ‘तू काय केलं होतंस?’ हा प्रश्न तर तोंडातून काढूच नये. ती गप्प राहिली तरी जबरदस्ती नको. पुन्हा या, एवढे सांगावे.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. गळा दाबला असे बाई म्हणाली तर गळ्यावर खूण नसली तरी ते साधे समजू नका. आवाज बसणे, गिळताना दुखणे, श्वास लागणे, चक्कर येणे यांपैकी काहीही असेल तर तिला त्वरित मोठ्या रुग्णालयात न्या. मार वाढत चालला आहे, जिवे मारण्याची धमकी आहे, बाई गरोदर आहे, अशा वेळी तिला त्या रात्री घरी पाठवण्याआधी दहादा विचार करावा.

बलात्कार झाला असेल तर

इथे घड्याळाला महत्त्व आहे. एचआयव्ही टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितक्या लवकर तितके चांगले, आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. गर्भ राहू नये म्हणून गोळी ७२ तासांत द्यावी, पाच दिवसांपर्यंतही तिचा उपयोग होऊ शकतो. शक्यतो अंघोळ न करता, तेच कपडे घेऊन दवाखान्यात जावे. कपडे प्लास्टिकच्या पिशवीत नको, कागदात गुंडाळावेत. अंघोळ केली असली तरी जायचेच, उपचार तर मिळतातच.

सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने अशा स्त्रीला तात्काळ व मोफत उपचार दिलेच पाहिजेत. २०१३ पासून हा कायदा आहे आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तो कायम आहे. पोलिसांना कळवण्याचे काम रुग्णालय करते. ‘आधी ठाण्यात जाऊन या, मग तपासू’ असे म्हणून तिला परत पाठवता येत नाही. तपासणी तिच्या संमतीनेच व्हावी. मुलगी १८ वर्षांखालील असेल तर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

डॉक्टरच्या कागदाचे वजन किती असते हे आपल्या विदर्भाने पाहिले आहे. देसाईगंजच्या १९७२ च्या मथुरा प्रकरणात अंगावर जखमा नाहीत, मुलीला आधीपासून शरीरसंबंधांची सवय आहे, अशा नोंदींचा आधार आरोपींना मिळाला आणि ते सुटले. देशभर संताप उसळला, १९८३ मध्ये कायदा बदलला. ‘दोन बोटांची’ ती अपमानकारक चाचणी चुकीची असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले आणि २०२२ मध्ये पुन्हा बजावले.

कोठे जावे?

तातडीच्या वेळी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक लक्षात ठेवावेत. उपचारासाठी अमरावतीला इर्विन आणि डफरीन, अकोल्याला सर्वोपचार आणि लेडी हार्डिंग आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी केंद्रात निवारा, समुपदेशन आणि कायद्याचा सल्ला मिळतो. घरातल्या हिंसेसाठी २००५ चा कायदा आहे. त्यात मारहाणीबरोबर शिवीगाळ आणि बाईची मजुरी हिसकावून घेणे हेही येते. त्यासाठी संरक्षण अधिकाऱ्याकडे जावे.

कामावरचा छळ असेल तर दहा किंवा अधिक माणसांच्या कार्यालयात अंतर्गत समिती हवी. दहापेक्षा कमी माणसे असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. लिहिता येत नसेल तर लिहून देण्यास मदत करणे समितीचे कर्तव्य आहे. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी.

आणि शेवटी शेजाऱ्यांना एक विनंती. भिंतीपलीकडून रडणे ऐकू आले तर निदान कडी वाजवा. ‘साखर आहे का?’ असे विचारले तरी चालते. तेवढ्याने एखादा घाव चुकतो.

मागच्या पावसाळ्यात एक बाई अशीच आली. सासू सोबत होती. ‘पडली’ हेच उत्तर. सासूबाईंना बाहेर बसवले, नर्सने पडदा ओढला आणि मी तोच प्रश्न विचारला. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘कोनाले सांगनार नाही ना जी?’ मी कागदावर तिच्याच शब्दांत लिहिले, कोणी मारले, कशाने मारले, कोठे वळ आहेत, किती लांबीचे. त्या दिवशी तिला तक्रार करायची नव्हती. मी आग्रह केला नाही, फक्त १८१ हा आकडा पाठ करून घेतला. तीन महिन्यांनी ती भावाला घेऊन आली आणि म्हणाली, ‘तो कागद द्या, डाक्टरसाहेब.’

तो मी जपून ठेवला होता.