निवारा आणि नियमावली

विदर्भातील मलकापूर, नांदुरा अशा घाटाखालच्या गावांत उन्हाळ्यात दिवसभर तापलेला सिमेंटचा स्लॅब रात्री संचित उष्णता खाली सोडीत राहतो. म्हणून बेघरांच्या निवाऱ्याचे छत चुन्याने पांढरे करावे आणि वर चढणारी उष्ण हवा निघून जावी यासाठी भिंतींत उंचावर झरोके ठेवावेत, हा अल्पव्ययी परंतु शास्त्रशुद्ध उपाय होय. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने अशा निवाऱ्यांत माणशी किमान ५० चौरस फूट जागा विहित केली. नाशिक-पंढरपुरास धर्मशाळा उभारणाऱ्या विदर्भपुत्र गाडगे महाराजांचा (१८७६–१९५६) स्वच्छतेचा आग्रह नियमावलीत अग्रस्थानी असावा. स्त्रियांस स्वतंत्र दालन, सामानास कुलूप, मद्यास मनाई हेही असावे. मात्र ओळखीच्या दाखल्याअभावी कोणास दारातून परतविणारा नियम नसावा, आणि नगरपरिषदांनी सर्व नियम रहिवाशांच्या सल्ल्यानेच ठरवावेत.