गिऱ्हाईक आणि बहिष्कार

'गिऱ्हाईक' या शब्दाचे नाते संस्कृत 'ग्राहक' या शब्दाशी आहे. त्याचा अर्थ 'घेणारा' एवढाच. कोणाच्या हातून घेणारा, हा प्रश्न त्या शब्दात नाही. व्यवहारात मात्र तो पदोपदी उभा राहतो, आणि खानदेशात त्याची साक्ष शोधण्यास दूर जावे लागत नाही.

१९२९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर धुळ्याकडील एका गावात अस्पृश्यांवर घातलेल्या सामाजिक बहिष्काराची चौकशी करून परतताना चाळीसगावी उतरले. तेथील टांगेवाल्यांनी त्यांना नेण्याचे नाकारले. अखेर टांगा भाड्याने मिळाला, परंतु टांगेवाला स्थानकावरच राहिला. लगाम धरला तो ते काम न जाणणाऱ्या वस्तीतील एका माणसाने. वाटेत पुलावर अपघात होऊन बाबासाहेबांच्या पायास जबर दुखापत झाली. पैसा तयार होता, वाहन तयार होते; नडला तो केवळ स्पर्श.

येथे विक्रेत्याने गिऱ्हाईक नाकारले. गिऱ्हाइकाने विक्रेता नाकारावा, हा प्रकार याहून व्यापक, पण तो गाजावाजा न होता घडतो, म्हणून त्याची नोंद राहत नाही. तोही सरसकट नसतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. चर्मकाराची वहाण, मातंगाचा दोर, बुरुडाची टोपली यांना गिऱ्हाईक कधीच कमी पडले नाही. करणाऱ्याची सावली टाळणाराही त्याने शिवलेली वहाण खुशाल पायात घाली. अडचण येते ती चहा, दूध, भाकरी यांच्यापाशी. म्हणजे जी वस्तू मुखात जाते तिच्यापाशी. तेव्हा दलिताच्या दुकानास हातभार लावावयाचा तर वहाण विकत घेऊन फारसे काही साधत नाही. चहा घेतल्याने साधते.

राजर्षी शाहू महाराजांनी हे मर्म अचूक ओळखले होते. गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचे दुकान थाटले, तेव्हा महाराज तेथे गाडी थांबवून स्वतः चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यावयास लावीत. छत्रपतींच्या पुढ्यात कप नाकारण्याची सोय कोणास होती?

महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. त्याच अमेरिकेत, डेट्रॉइट शहरी, १९३० साली कृष्णवर्णीय गृहिणींनी संघ स्थापून आपल्या समाजाच्या दुकानांतून घरखर्चाची खरेदी करण्याचा परिपाठ घातला. परंतु त्या शहरात हा समाज मोठ्या संख्येने एकवटला होता. खानदेशातील खेड्यात वस्ती थोडक्या घरांची; तेवढ्यावर दुकान तगत नाही. इतरांचे चार पैसे आल्यावाचून ते उभेच राहू शकत नाही.

केंद्र शासनाने २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांसाठी चार टक्के वाटा राखून ठेवला. त्याने खुर्च्या, गणवेश, यंत्रांचे सुटे भाग खपतात. जळगावच्या किंवा धुळ्याच्या बसस्थानकाबाहेर सकाळचा चहा कोठे घ्यावा, हे मात्र शासन ठरवीत नाही.

एक अडचण भाषेच्या अभ्यासकास विशेष जाणवते. दुकानाच्या पाटीवर आडनाव न घालता देवाचे वा मुलाचे नाव घालण्याची रीत सर्वत्र आहे. काहींच्या बाबतीत तो भक्तीचा वा कौतुकाचा भाग, तर काहींच्या बाबतीत संरक्षणाचा. अशा दुकानदारास मदतीच्या हेतूने का होईना, 'आपण कोण?' असे विचारणे म्हणजे जुनाच प्रश्न नव्या आवाजात विचारणे होय. पाटीवर 'जय भीम' स्पष्ट लिहिलेले असेल, तेथे निवड सोपी आहे. जेथे नाही, तेथे चहा घ्यावा, पैसे द्यावेत आणि आडनाव विचारू नये.