झोपेची गोळी, वय बघून
लहानग्यांना झोपेचं औषध सहसा देत नाहीत; ईईजीसारख्या तपासणीपुरतं ट्रायक्लोफॉस, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. प्रौढांना झोल्पिडेम, थोड्याच दिवसांसाठी. सकाळपर्यंत ते रक्तात उरतं म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये स्त्रियांची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली. खरं जपायचं ते साठीपुढे. डायझेपाम उतारवयात शरीरात कित्येक दिवस रेंगाळतं. रात्री उठताना तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं. त्यात चाळीतला संडास गॅलरीच्या टोकाला! अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ‘एच-१’ अनुसूचीत आहेत: चिठ्ठीशिवाय विक्री नाही, केमिस्टला रुग्णाच्या नावासह नोंद ३ वर्षं ठेवावी लागते.