तुळईत साठलेला वायू

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या जुन्या घरात शिरल्यावर आपण सहसा वर पाहत नाही. वर पाहावे. तुळया आणि खांब सागाचे किंवा ऐनाचे असतात, भिंती मात्र कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या. कूड अधूनमधून बदलावा लागतो. खांब आजोबांच्या वेळचे असतात आणि घर मोडले तरी ते नव्या घरात उभे राहतात.

हे सागाला कसे जमते? खोडाचा बाहेरचा फिकट भाग मुळांकडचे पाणी वर नेतो. आतल्या पेशी मरतात, पण मरण्यापूर्वी त्यांत तेलकट द्रव्ये साठतात. तोच सोनेरी-तपकिरी गाभा. वाळवीला आणि बुरशीला ही द्रव्ये मानवत नाहीत. बाहेरचा फिकट भाग त्याच झाडाचा, तरी वाळवी तो खुशाल खाते! (‘कठीण लाकूड’ हे नाव तसे फसवेच. सपुष्प, रुंद पानांच्या झाडांचे लाकूड ते कठीण, अशी ही विभागणी असल्याने काड्यापेटीला लागणारी मऊ काटेसावरही त्यातच मोडते.)

आता एक गणित करू. ३ मीटर लांब, २० सेंटिमीटर उंच आणि १५ सेंटिमीटर रुंद तुळईचे घनफळ ०.०९ घनमीटर. वाळलेला साग घनमीटरला सुमारे ६०० किलो भरतो, म्हणजे तुळई ५४ किलोची. त्यातला जवळजवळ निम्मा भाग कार्बन, २७ किलो. कार्बन डायऑक्साइडमध्ये मोजला तर (४४ भागिले १२ ने गुणून) ९९ किलो. एवढा वायू झाडाने हवेतून घेतला आणि तो आज आढ्याखाली बंद आहे. सिमेंट करताना मात्र चुनखडी भाजावी लागते आणि तिच्यातून हाच वायू बाहेर पडतो.

मग सगळीकडे सागच वापरावा का? लाकूड जळले किंवा कुजले की वायू हवेत परत जातो. ६० वर्षे वाढलेल्या झाडाचे कपाट १० वर्षांत भंगारात गेले, तर हिशेब तोट्याचा. १९९० च्या दशकात साग लावून झटपट भरघोस परतावा मिळवण्याच्या जाहिराती गाजल्या होत्या. पण कोवळ्या सागात गाभा थोडा आणि वाळवीचे खाद्य अधिक.

दुसरी अडचण मातीची. सागाच्या ताटाएवढ्या पानांवरून गळणारे थेंब मोठे असतात. खाली झुडपे आणि पाचोळा नसला, तर ते माती उकरतात. शहापूरचे डोंगर तानसा आणि भातसा या जलाशयांना पाणी पुरवतात, तिथली माती वाहून जाणे मुंबईलाही परवडणारे नाही. म्हणून एकट्या सागाच्या लागवडीपेक्षा ऐन, हेद, बिबळा यांच्यासोबत वाढलेला साग आम्हांला बरा वाटतो. शिवाय तोडलेल्या सागाच्या खुंटाला नवे धुमारे फुटतात. मुळे तयार असल्याने ते रोपापेक्षा झपाट्याने वाढतात, मात्र गुरे आणि वणवा यांपासून ते राखावे लागतात.

साग उन्हाळ्यात निष्पर्ण असतो. पावसाच्या सुरुवातीला वाढ सुरू झाली की मोठ्या छिद्रांची एक ओळ तयार होते, त्यामुळे त्याची वर्षे मोजता येतात. शाळेतल्या एखाद्या जुन्या सागवानी बाकाच्या पायाचे तळाकडचे टोक पॉलिश पेपरने घासून भिंगातून पाहावे आणि एका सेंटिमीटरमध्ये किती वलये बसतात ते विद्यार्थ्यांना मोजू द्यावे. मग नव्या बाकाचेही मोजावे.