संशयास्पद डाउनलोड आणि संगणकीय विषाणू : स्वरूप व उपाययोजना

‘विषाणू’ हा शब्द मराठीत इंग्रजी ‘व्हायरस’चे भाषांतर म्हणून रूढ झाला असला, तरी त्याचे मूळ केवळ भाषांतरापुरते नाही. लॅटिनमधील ‘विरुस’ आणि संस्कृतमधील ‘विष’ हे दोन्ही शब्द एकाच भारोपीय मूळापासून निघालेले असल्यामुळे मराठी पर्यायाने नकळत एक जुने नातेच पुन्हा जोडले आहे. संगणकाच्या संदर्भात ही संज्ञा आली ती अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात. फ्रेड कोहेन या संशोधक विद्यार्थ्याने १९८३ मध्ये स्वतःच्या प्रती इतर कार्यक्रमांत घुसविणारा एक कार्यक्रम प्रयोगादाखल तयार केला, आणि त्याला हे नाव द्यावे असे त्याचे मार्गदर्शक लेनर्ड ॲडलमन यांनी सुचविले. उपमा समर्पक होती. परंतु प्रत्येक उपमेप्रमाणे ती काही प्रमाणात दिशाभूल करणारीही ठरली.

दिशाभूल अशी की, ‘विषाणू’ म्हटले म्हणजे तो वाऱ्यावरून, नकळत आणि रोग्याच्या कोणत्याही कृतीविना येतो असा समज होतो. वस्तुतः शास्त्रीय परिभाषेत येथे तीन निराळे प्रकार आहेत. दुसऱ्या कार्यक्रमाला चिकटून पसरतो तो विषाणू. कोणाच्याही आधाराविना जाळ्यातून एका संगणकावरून दुसऱ्यावर सरपटत जातो तो कृमी. आणि उपयुक्त वस्तूचा वेष घेऊन येतो, ज्याला धनी स्वतःच दार उघडून आत घेतो, तो ट्रोजन. ग्रीकांच्या लाकडी घोड्यावरून हे नाव पडले. डाउनलोड केलेल्या संगणकप्रणालीतून जे संकट येते ते बहुधा या तिसऱ्या प्रकारचे असते. ‘व्हायरस आला’ असे सर्वत्र म्हटले जाते. ‘व्हायरस आणला’ असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

आयबीएम पीसी प्रकारच्या वैयक्तिक संगणकांवर पसरलेला पहिला विषाणू म्हणून ज्याची गणना होते, त्या ‘ब्रेन’चा जन्म १९८६ साली लाहोर येथे झाला. बासित आणि अमजद फारूक अल्वी या बंधूंनी तो लिहिला, आणि त्यात स्वतःची नावे, पत्ता व दूरध्वनी क्रमांकही घातले. आपल्या वैद्यकीय प्रणालीच्या चोरून केलेल्या प्रती कोठे जातात हे कळावे, हा त्यांचा सांगितलेला हेतू होता. म्हणजे चोरटी प्रत आणि विषाणू यांचा संबंध आजचा नाही. तो या इतिहासाच्या पहिल्या पानावरच आढळतो.

महाराष्ट्राने या संकटाचे मोठे रूप पाहिले ते जून २०१७ मध्ये. रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात गेटवे टर्मिनल्स इंडिया या गोदीचे संगणक एकाएकी निकामी झाले. वाळूज आणि चिकलठाणा येथील कारखान्यांचा परदेशी जाणारा माल ज्या बंदराचा आधार घेतो, त्याच बंदरातील कंटेनरांची चढउतार त्यामुळे खोळंबली, आणि काम हाताने करण्याची वेळ आली. ही गोदी चालविणाऱ्या डॅनिश मेर्स्क समूहावर २७ जून रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा आघात झाला होता, आणि त्याचे मूळ हजारो मैलांवरील युक्रेनमध्ये होते.

येथे प्रस्तुत विषयाशी थेट संबंध येतो. युक्रेनमध्ये करविवरणपत्रे भरण्यासाठी ‘एम.ई.डॉक’ ही हिशेबाची प्रणाली सर्रास वापरली जाते. आक्रमकांनी या प्रणालीच्या उत्पादकाच्या यंत्रणेत शिरून तिच्या अधिकृत सुधारित आवृत्तीतच विष कालविले. एप्रिलपासून जूनपर्यंत किमान तीन आवृत्त्यांतून गुप्त दार बसविले गेल्याचे पुढे तपासात दिसून आले. ज्यांनी ती आवृत्ती उतरवून घेतली त्यांनी काहीही गैर केले नव्हते. त्यांनी आळस न करता प्रणाली अद्ययावत ठेवली, एवढाच त्यांचा अपराध. एकदा आत शिरल्यावर मात्र या कार्यक्रमाने कृमीचे रूप घेतले. विंडोजमधील ज्या उणिवेवर मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच उपाय दिला होता तिचा, आणि संगणकाच्या स्मृतीतून चोरलेल्या परवलीच्या शब्दांचा उपयोग करून तो मिनिटांत संपूर्ण जाळ्यात पसरला. पडद्यावर ३०० डॉलरांची खंडणी मागितली जाई. परंतु ती देऊनही फायली परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. खंडणीचे ते केवळ सोंग होते, हेतू विध्वंसाचा होता. मेर्स्कला पुढील सुमारे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले.

आता बंदरावरून विद्यापीठाकडे वळू. मराठवाड्यातील महाविद्यालयांत व प्रबंध टंकून देणाऱ्या दुकानांत हे संकट येण्याचा एक खास मराठी मार्ग आहे, आणि त्याचा विचार भाषाविज्ञानाच्या अभ्यासकांनी तरी करावयास हवा. युनिकोडपूर्व काळातील मराठी टंकांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसविलेली असत. ‘क’ या अक्षराचा स्वतःचा असा संकेतांक तेथे नसे, एखाद्या रोमन अक्षराला ‘क’चे रूप दिलेले असे, इतकेच. त्यामुळे तो विशिष्ट टंक संगणकावर नसला की मजकूर अर्थहीन चिन्हांचा ढीग दिसतो. पंधरा वर्षांपूर्वी टंकलेला प्रबंध उघडावयाचा, तर ती जुनी प्रणाली हवी. ती विकत घेण्याची ऐपत वा इच्छा नसली की शोध सुरू होतो तो ‘क्रॅक’ केलेल्या प्रतीचा. अशा प्रतीबरोबर बहुधा एक सूचना असते : स्थापना करण्यापूर्वी विषाणूरोधक बंद करावा. घरात शिरण्यापूर्वी पहारेकऱ्याला झोपवा असे सांगणारा पाहुणा कोण असावा, हे वेगळे सांगावयास नको. तरीही ही सूचना निमूटपणे पाळली जाते, कारण प्रबंध सादर करण्याची तारीख जवळ आलेली असते.

वास्तविक ही अडचण आता बरीचशी अनावश्यक आहे. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच स्थान आहे, आणि विंडोज वा लिनक्स या दोहोंत इनस्क्रिप्ट कळफलक मुळातच अंतर्भूत असतो. नवे लेखन युनिकोडमध्ये केले, तर बाहेरून काही उतरवून घेण्याचे कारणच उरत नाही. जुन्या मजकुराचे रूपांतर मात्र करावेच लागते. ते ब्राउझरमध्येच चालणाऱ्या रूपांतरकाने करावे, स्थापना करावी लागणाऱ्या अनोळखी कार्यक्रमाने करू नये.

संशयास्पद फाइल आधीच उघडली गेली असेल, तर पहिली गोष्ट म्हणजे संगणकाचा जाळ्याशी असलेला संबंध तोडणे : तार काढावी, वायफाय बंद करावे. त्यामुळे चोरीला जाणारी माहिती थांबते आणि विभागातील इतर संगणक वाचतात. दुसरी, त्या संगणकात पेनड्राइव्ह किंवा प्रतींची बाह्य डिस्क जोडू नये. घाबरलेला संशोधक पहिल्या क्षणी नेमके हेच करतो. ‘निदान प्रबंध तरी वाचवू’ या भावनेने तो शाबूत असलेली एकमेव प्रतही संकटाच्या तोंडी देतो. तिसरी, बँक आणि ईमेल यांचे परवलीचे शब्द बदलावेत, परंतु ते दुसऱ्या, निरोगी संगणकावरून. बाधित संगणकावर टंकलेला नवा शब्दही जुन्याच्याच वाटेने जाण्याचा संभव असतो. फायलींची नावे डोळ्यांदेखत बदलू लागली, तर वीज तात्काळ तोडणे श्रेयस्कर. नॉटपेट्या संगणक पुन्हा सुरू करून डिस्कतपासणीचा खोटा पडदा दाखवी आणि त्याआड कूटबद्धीकरण करी. त्या क्षणी ज्याने वीज बंद केली त्याचा विदा वाचण्याची शक्यता असे.

यानंतर तपासणी. चालू असलेल्या बाधित विंडोजमधून केलेल्या तपासणीवर पूर्ण विश्वास ठेवता येत नाही, कारण तपासणाऱ्याच्याच डोळ्यांवर पट्टी बांधली गेलेली असू शकते. म्हणून निरोगी संगणकावर तयार केलेल्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून डिस्क तपासावी. भारत सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राकडून निर्मूलनाची साधने विनामूल्य मिळतात. तपासणीत काही सापडले नाही म्हणजे काही नाहीच, असे मात्र नव्हे. परवलीचे शब्द चोरणारा कार्यक्रम होता अशी शंका असेल, तर डिस्क पुसून मूळ प्रणाली नव्याने बसविणे हाच खात्रीचा उपाय होय, आणि त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. आर्थिक फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे. संस्थांना अशा घटना सहा तासांच्या आत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेस कळविणे २०२२ च्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे. हे निर्देश शैक्षणिक संस्थांत फारसे कोणी वाचलेले दिसत नाहीत.

पुसलेल्या डिस्कवर पुन्हा काय आणावयाचे, हा प्रश्न शेवटी उरतो, आणि त्याचे उत्तर आधी ठेवलेल्या प्रतींवर अवलंबून असते. बोलीभाषांच्या ध्वनिमुद्रणांबाबत तर हा प्रश्न फार गंभीर आहे. टंकलेला प्रबंध पुन्हा टंकता येईल. परंतु ऐंशी वर्षांच्या निवेदकाकडून घेतलेले मुद्रण तो निवेदक हयात नसताना कोठून मिळविणार? संगणकाला कायम जोडलेली डिस्क ही प्रत नव्हे. संगणक बाधित झाला की तीही बाधित होते. डाउनलोडच्या दिनांकापूर्वी घेतलेली आणि नंतर न जोडलेली प्रतच खरी. मेर्स्कच्या जाळ्याची ओळखपाळख ठेवणारे सर्व सर्व्हर नॉटपेट्याने नष्ट केले होते. वाचला तो केवळ घानामधील एक, कारण आघाताच्या वेळी तेथील वीज गेल्यामुळे तो जाळ्याबाहेर होता. त्याची डिस्क विमानाने ब्रिटनला नेण्यात आली, आणि तिच्यावरून पुढील सर्व उभारणी झाली.