दूरच्या शिक्षकाचे उत्तर

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील अनेक गावांत घरांना कुलपे लागतात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर या तालुक्यांतील ऊसतोड कामगार साखर कारखान्यांकडे निघतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे जातात, कोणी कर्नाटकात. उन्हाळा लागल्यावर ते परत येतात. त्यांच्यातील एखादा तरुण बारावी झालेला असतो. त्याला पदवी हवी असते. पण पाच-सहा महिने तो कॉलेजच्या वर्गात हजर कसा राहणार?

शहरातही असे लोक आहेत. तुमच्या मोहल्ल्यातील एखाद्या आपांचे शिक्षण बारावीनंतर थांबले असेल. एखादे भाईजान दिवसभर गॅरेजमध्ये राबत असतील. अशा लोकांच्या घरापर्यंत उच्च शिक्षण नेण्याच्या पद्धतीला मराठीत दूरशिक्षण म्हणतात. उर्दूतील ‘फासलाती तालीम’ ती हीच. फासला म्हणजे अंतर. हे अंतर कमी कसे करायचे, हाच या शिक्षणातील मुख्य प्रश्न आहे.

ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८४० साली स्वस्त टपाल सुरू झाले आणि आयझॅक पिटमन यांनी टपालाने लघुलिपी शिकवण्यास सुरुवात केली. विद्यार्थी एखादा उतारा लघुलिपीत लिहून पाठवत. तो तपासून, चुका दुरुस्त करून परत पाठवला जाई. हा परत येणारा कागद फार महत्त्वाचा होता. पुस्तक घरी बसून वाचता येते. पण आपले कोठे चुकले, हे पुस्तक सांगत नाही.

आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्राद्वारे शिक्षण सुरू केले. महाराष्ट्रात १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद आहे. ज्यांची बारावी झालेली नव्हती, त्यांच्यासाठीही या विद्यापीठाने पूर्वतयारीचा अभ्यासक्रम आखला. पुढे १९९८ साली हैदराबादला मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ सुरू झाले. त्यामुळे उर्दू माध्यमातून शिकलेल्यांना घरी राहून त्याच भाषेत पदवीचा अभ्यास करता येऊ लागला.

दूरशिक्षणाचे चांगले पुस्तक नेहमीच्या पुस्तकापेक्षा वेगळे असते. त्यातील घटक लहान असतात. चार-सहा परिच्छेदांनंतर एक प्रश्न येतो. त्याखाली उत्तरासाठी मोकळी जागा असते आणि शेवटी उत्तर दिलेले असते. असे का? वर्गात समजले नाही तर आपण हात वर करतो. निदान शेजारच्या मुलाला तरी विचारतो. रात्री दहा वाजता एकट्याने अभ्यास करणाऱ्याला कोण सांगणार? एका ओळीवर तो अडतो आणि पुस्तक मिटतो. दुसऱ्या दिवशी ते उघडले जात नाही. शिक्षण सुटते ते पुष्कळदा असेच, कोणालाही न कळवता.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे कॉलेजे बंद झाली. शिक्षक मोबाइलसमोर बोलू लागले आणि यालाच ऑनलाइन शिक्षण म्हणतात, असा अनेकांचा समज झाला. पण फडाजवळच्या कोपीत राहणाऱ्या त्या तरुणाचा विचार करा. सकाळी अकराच्या तासाला त्याच्या हातात मोबाइल नसतो, कोयता असतो. तासाभराच्या व्याख्यानाच्या चित्रफितीला काही शे एमबी डेटा लागतो. तेच व्याख्यान फक्त आवाजात दिले तर साधारण ३० एमबी पुरतात. छापील मजकुराला तर त्याहूनही फार कमी. म्हणून आधी मजकूर, मग आवाज आणि जेथे पाहिल्यावाचून कळत नाही तेथेच चित्रफीत, हा क्रम मला योग्य वाटतो. सर्व साहित्य एकदा उतरवून घेऊन नेटवर्कशिवाय वापरता आले पाहिजे. गृहपाठाची मुदतही एका संध्याकाळची नको, काही आठवड्यांची हवी.

केंद्र सरकारने २०१७ साली ‘स्वयम्’ हा ऑनलाइन उपक्रम सुरू केला. त्यातील अभ्यासक्रमांचे चार भाग असतात : व्याख्यानाची चित्रफीत, वाचनाचे साहित्य, स्वतःची परीक्षा घेण्याचे प्रश्न आणि शंका विचारण्याची जागा. पहिले दोन भाग एकदा तयार केले की हजारो विद्यार्थ्यांना पुरतात. शेवटचा भाग तसा नाही. एक उत्तर नीट तपासून त्यावर दोन ओळी लिहायला दहा मिनिटे लागतात असे धरू. हजार विद्यार्थ्यांसाठी सुमारे १६७ तास झाले! हे काम एका शिक्षकाचे नाही. यंत्र पर्यायी उत्तरांचे प्रश्न क्षणात तपासते. पण नुसते चूक-बरोबर एवढेच कळले तर विद्यार्थी कोणत्या विचाराने चुकला, हे त्याला उमगत नाही. म्हणून दर तीस-चाळीस विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक नेमणे आवश्यक आहे. त्याला खर्च येतो, आणि बहुधा तेथेच काटकसर केली जाते. मोठी चित्रीकरणगृहे मात्र थाटात उभी राहतात.

अभ्यासकेंद्राचे महत्त्वही ऑनलाइनमुळे संपलेले नाही. सुट्टीच्या दिवशी तेथे मार्गदर्शक भेटतात, बरोबर शिकणारे भेटतात. आपल्यासारखे आणखीही कोणी अडले आहे, हे कळल्यानेही धीर येतो.

तुमच्या आपा उद्या प्रवेश घेणार असतील, तर त्यांनी आधी अभ्यासक्रमाला मान्यता आहे का ते पाहावे. अशा संस्थांची यादी विद्यापीठ अनुदान आयोग प्रसिद्ध करतो. त्यानंतर आणखी काही विचारावे. पुस्तके कोणत्या भाषेत आहेत? परीक्षा कोठे होते? गृहपाठ कोण तपासते आणि तो किती दिवसांत परत येतो? अडचण आली तर कोणाला फोन करायचा? ही चौकशी प्रत्यक्ष अभ्यासकेंद्रात जाऊनच करावी. माहितीपत्रकात या प्रश्नांची उत्तरे नेहमीच छापलेली नसतात.