निलगिरीच्या पानावरचा करपा

निलगिरीचे झाड कोणी पाहिले नाही? रस्त्याच्या कडेला, बांधावर, कालव्याच्या काठी ते सरळसोट उभे असते. पान चुरगळले की उग्र वास येतो. सर्दी झाली की त्याचेच तेल आपण हुंगतो.

हे झाड मूळचे आपले नव्हे. ते ऑस्ट्रेलिया देशातले. १८४३ साली दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरात त्याची रोपे लावली गेली. थंड डोंगरात जळणाला लाकूड हवे होते. हे झाड भराभर वाढले. लोकांनी डोंगराचेच नाव झाडाला दिले. पुढे कागदासाठी, खांबासाठी, सरपणासाठी त्याची मोठी लागवड झाली. १९८० नंतरच्या दहा वर्षांत आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनीही शेतात निलगिरी लावली.

निलगिरीचे पीक ज्वारीसारखे नाही. आज लावावे आणि पाच-सात वर्षांनी तोडावे. तोपर्यंत आपला पैसा उभ्या झाडात अडकलेला असतो. मधेच झाडाची पाने गळू लागली, तर काय करावे? पुष्कळजण म्हणतात, "पानेच गळली ना? गळू द्या. आपल्याला लाकडाशी मतलब." हे म्हणणे बरोबर आहे का? पाहू या.

पान म्हणजे झाडाची चूल

मुळे जमिनीतून पाणी आणि क्षार आणतात. पान हवेतून वायू घेते. उन्हाच्या बळावर पान या सर्वांपासून झाडाचे अन्न तयार करते. त्या अन्नावर खोड जाड होते. म्हणजे लाकूड वाढते ते पानाच्या जिवावर. घरातली चूल विझली तर घर उपाशी राहते. पाने गेली तर झाड उपाशी राहते. एकदा गेली तर झाड सावरते, नवी पालवी फुटते. पण दरवर्षी पावसाळ्यात पाने जात राहिली, तर झाड खुरटते. लहान रोप तर मरूनही जाते.

रोग कशाने येतो?

पावसाळ्यात शिळ्या भाकरीवर लव येते. तीच बुरशी. बुरशीच्या अनेक जाती आहेत. काही शिळ्या अन्नावर वाढतात, काही जिवंत पानावर. द्राक्षावरची भुरी आपल्याला ठाऊक आहे. भातावरचा करपा ठाऊक आहे. गव्हावरचा तांबेराही ठाऊक आहे. हे सारे बुरशीचेच रोग. निलगिरीलाही असे रोग होतात.

बुरशीला धुळीहून बारीक बी असते. त्याला बीजाणू म्हणतात. ते वाऱ्याने उडते, पावसाच्या थेंबाबरोबर उसळते, माणसाच्या कपड्यालाही चिकटते. ओल्या पानावर पडले की ते रुजते आणि पानात शिरते. पान कोरडे असेल, तर ते सहसा रुजत नाही. म्हणून ओल हीच या रोगाची माय.

केरळात काय घडले?

केरळ राज्यात पाऊस फार. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर. तिथे निलगिरीची मोठी लागवड झाली. पीची या गावी १९७५ साली वनसंशोधन संस्था निघाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी रोपवाटिका आणि लागवडी फिरून पाहिल्या. त्यांना दिसले की, जास्त पावसाच्या भागात पानांचा करपा फार आहे.

हा करपा कसा ओळखावा? पावसाळा लागला की खालच्या फांद्यांच्या पानांवर पाणी मुरल्यासारखे करडे डाग पडतात. झड लागली की डाग पसरतात, एकमेकांना मिळतात. पान तपकिरी होऊन गळते. रोग खालून वर चढत जातो. जोर फार असेल, तर शेंड्याला तेवढी पाने राहतात. बाकी झाड उघडे पडते.

खालून वर का? कारण बुरशी गळलेल्या पानांत आणि मातीत दडून राहते. उन्हाळाभर ती झोपलेली असते. पावसाचा थेंब जमिनीवर आपटला की मातीबरोबर तिचे बी उसळते आणि खालच्या पानावर बसते.

देशावर पाऊस कमी, ऊन कडक. तिथे या करप्याला फारसे फावत नाही. पण कोकणात पाऊस केरळासारखाच पडतो. तिथे निलगिरी लावणाऱ्याने केरळचा धडा विसरू नये.

पेरूचा रोग निलगिरीला

आता दूर देशाची एक गोष्ट ऐका. पेरू, जांभूळ आणि निलगिरी ही तिन्ही झाडे एकाच कुळातली. खरे वाटत नाही ना? पण तसे आहे.

दक्षिण अमेरिकेत ब्राझील नावाचा देश आहे. तिथे १८८४ साली पेरूच्या झाडावर एक तांबेरा आढळला. कोवळ्या पानावर हळदीसारखी पिवळी भुकटी दिसे. पुढे ब्राझीलने ऑस्ट्रेलियातल्या निलगिरीच्या मोठाल्या लागवडी केल्या. पेरूवरचा तांबेरा या नव्या भाऊबंदाच्या अंगावर गेला. निलगिरीची कोवळी रोपे करपू लागली.

गोष्ट तिथेच संपली नाही. २०१० साली हा तांबेरा खुद्द ऑस्ट्रेलियात पोचला, म्हणजे निलगिरीच्या माहेरी. तिथल्या रानात या कुळातली शेकडो जातींची झाडे आहेत. त्यांनी हा रोग कधी पाहिला नव्हता. काही रानझाडे तर आज नाहीशी होण्याच्या वाटेवर आहेत.

ब्राझीलच्या लोकांनी काय केले? एकाच लागवडीत काही झाडे करपतात, तर शेजारची काही हिरवीगार राहतात, हे त्यांनी हेरले. निरोगी झाडांच्या फांद्यांपासून त्यांनी नवी रोपे केली. त्या रोपांनी लागवड सावरली.

पण यातही एक धोका आहे. एकाच झाडाच्या फांद्यांपासून केलेली सारी रोपे सारख्या गुणाची असतात. ती एकदम वाढतात, एकदम तोडीला येतात, हा फायदा. पण एखादा नवा रोग आला आणि तो एका झाडाला बाधला, तर साऱ्यांनाच बाधतो. म्हणून दोन-चार निरनिराळ्या जातींची रोपे घेणे शहाणपणाचे.

प्रत्येक डाग रोग नव्हे

पान पिवळे झाले की लगेच घाबरू नये. जुने पान पिकून गळतेच. कोवळी पालवी तांबूस असते, तीही रोगट नव्हे. पानाच्या देठावर, शिरेवर गाठी दिसल्या, तर ते एका बारीक गांधीलमाशीचे काम. ही माशी २००० सालानंतर दक्षिण भारतात पसरली. तिच्यावर बुरशीचे औषध मारणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे. म्हणून आधी ओळख, मग उपाय.

उपाय कोणता?

वीस-तीस हात उंच झाडांवर औषध फवारणे आपल्याला परवडत नाही. ते पुरतेही पडत नाही. म्हणून जपायचे ते सुरुवातीलाच. खरी लढाई रोपवाटिकेत आहे.

रोपवाटिकेत रोपे दाटीने ठेवली की वारा खेळत नाही. पाने रात्रभर ओली राहतात. बुरशीला आणखी काय हवे? म्हणून रोपे विरळ ठेवावीत. वाफ्यात पाणी तुंबू देऊ नये. पाणी सकाळी द्यावे, म्हणजे दिवसा पाने सुकतात. डागाळलेली पाने आणि मेलेली रोपे उचलून जाळावीत. रोग जास्त वाटला, तर कृषी किंवा वन खात्याच्या माणसाला पान दाखवावे. तो सांगेल तेच औषध, सांगेल तेवढेच फवारावे.

रोपे विकत घेताना पानाची खालची-वरची बाजू पहावी. डाग असलेले रोप फुकट मिळाले तरी घेऊ नये. त्या एका रोपाबरोबर आपण रोग घरी आणतो. तो मातीत राहिला की सहजी जात नाही.

लावतानाही अंतर राखावे. आपल्या पावसाला आणि जमिनीला कोणती जात मानवते, ते आधी विचारावे. एखाद्या गावात पीक चांगले आले, म्हणून तीच जात आपल्या गावात चालेल असे नाही.

लक्षात ठेवा

पान जाते तिथे लाकूड घटते.
ओल आणि दाटी बुरशीला आवडते.
रोगट रोप लावू नका.
सगळी लागवड एकाच जातीची करू नका.
पावसाळ्यात दर आठवड्याला एक फेरी मारा आणि खालच्या फांद्या पहा.

फेरी मारायला पैसा पडत नाही. पाच वर्षांची मेहनत मात्र तिने वाचते.